खोलीत माणसं: एक

खोलीत काय काय होतं, ते आधी मोजून सांगायला हवं.

खुर्च्या चौदा. तेरा टेबलाभोवती, एक दाराशेजारी.

छतात दिवे बारा.

भिंतीवर मोठा टीव्ही एक. त्याच्या डोक्यावर कॅमेरा एक.

खिडक्या दोन. दोन्हींना जाड काळे पडदे.

टेबलावर टच पॅनेल एक. शाळेच्या पाटीएवढं.

आणि भिंतीवर दिव्यांची बटणं...

शून्य.

हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा. सगळं त्याच्यामुळे झालं.

ही गोष्ट माझ्या मावसबहिणीच्या, अनुजाच्या बाबतीत घडली आहे. ऐकीव नाही, रंगवलेली नाही. अनुजा इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.एस्सी. झालेली. कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहते. भुताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मीटर लावून बघ म्हणणारी मुलगी. तिनं मला हे सांगितलं तेव्हा ती एकदाही हसली नाही.

गेल्या वर्षीचा डिसेंबर. मुरगूडच्या अलीकडे एका सहकारी संस्थेचं मुख्य कार्यालय आहे. नाव सांगत नाही, ती माणसं अजून तिथंच कामाला आहेत. तिथला मीटिंग हॉल नवा करायचं काम अनुजाच्या कंपनीला मिळालं होतं. पुण्या-मुंबईशी व्हिडिओ मीटिंग करायच्या, टेबलावरच्या पॅनेलला बोट लावलं की टीव्ही चालू, पडदे बंद, दिवे कमी-जास्त. पॅनेलवरची मराठी अक्षरंही अनुजानंच घातली होती. ‘दिवे’. ‘पडदे’. ‘मीटिंग सुरू’. आणि वरच्या कोपऱ्यात, ‘खोलीत माणसं’.

कॅमेरा खोलीतली डोकी मोजायचा आणि आकडा तिथं उमटायचा. आकडा शून्य झाला की थोड्या वेळानं दिवे आपोआप बंद. वीज वाचते.

हॉलमध्ये दाराशेजारी पूर्वी एक काळं, जुनं बटण होतं. अनुजानं ते काढलं, खड्डा बुजवला, वरून रंग मारून घेतला.

ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. नकाशात दाराशेजारी एक नवं बटण दाखवलेलंच होतं. बटण खोक्यातून आलंही होतं. पण अनुजाचा हिशेब वेगळा होता. भिंतीवर बटण ठेवलं की कुणीतरी ते बंद करणार. मग दिवे विझलेले आणि पॅनेल म्हणणार, चालू आहेत. पॅनेलवर दिसतं ते आणि खोलीत असतं ते एकच पाहिजे, हा तिचा हट्ट. तिनं बटण पॅकिंगसकट बॅगेत टाकून दिलं.

दुसऱ्या दिवशी केरबाआण्णा दारात येऊन उभे राहिले.

आण्णा संस्थेचे जुने हेडक्लार्क. निवृत्त झाले तरी संस्थेनं त्यांना सोडलं नव्हतं, कारण सभेचं इतिवृत्त त्यांच्यासारखं कुणाला लिहिता येत नव्हतं. शाईचं पेन, निळी बोटं, पांढरी टोपी. दाराशेजारची चौदावी खुर्ची त्यांची.

ते भिंतीवर हात फिरवत होते.

“पोरी, हितलं बटण कुठं गेलं?”

“काढलं, आण्णा. आता माणूस आत आला की दिवे आपोआप लागतात.”

“आपोआप?”

“आपोआप.”

“मग हात कुणाला जोडायचा? तुझ्या मशीनला?”

त्या इमारतीत एक रीत होती. दिवेलागणीला पहिला दिवा आण्णांनी लावायचा, तो याच हॉलमधला. दारात चपला काढायच्या, काळं बटण दाबायचं आणि लागलेल्या दिव्याला हात जोडायचे. मगच इमारतीतले बाकीचे दिवे. त्या क्षणी समोर चेअरमन असोत की शिपाई, जो असेल तो हात जोडायचा.

अनुजा हसली. “या, पॅनेल शिकवते तुम्हाला.”

आण्णांनी बोट टेकवलं. काही झालं नाही. जोरात दाबलं. काही नाही. म्हातारपणी कातडी कोरडी पडते, कडक होते. असल्या काचेला तसलं बोट कळत नाही.

“आण्णा, तुमचं बोट ओळखत नाही ते.”

“मला माणसात धरत न्हाय म्हण की!”

सगळा हॉल हसला. अनुजासुद्धा.

पण आण्णा म्हणाले त्यात खोटं काही नव्हतं. चेअरमन हंबीररावांनी आधीच बजावलं होतं, “पुण्याचं सायेब बघत असत्यात. आमी तेरा जण दिसू दे. लिवणारा माणूस मधी दिसाय नको.” म्हणून अनुजानं कॅमेरा असा बसवला होता की चौदावी खुर्ची त्याच्या नजरेबाहेर राहील.

सभा संपून बाकीचे उठले की आण्णा इतिवृत्त लिहीत मागे थांबायचे.

पॅनेल म्हणायचं, खोलीत माणसं शून्य.

आणि दिवे विझायचे.

मग आण्णा अंधारातून चाचपडत कॅमेऱ्यासमोर जायचे आणि एस्टीला हात करावा तसा हात हलवायचे. आकडा एक व्हायचा. दिवे लागायचे. पुन्हा खुर्चीत येऊन बसले की थोड्या वेळानं पुन्हा तेच.

“मी बसलोय हितं, आन् ही बया म्हणतीया कोण न्हाय,” ते अनुजाला म्हणाले. “पोरी, एक बटण तेवढं बसीव. तुझ्या हिशेबात न्हाय बसत, कळतंय मला. पर माज्या हातानं एक दिवा लावू दे की.”

“पुढच्या फेरीला बसवते, आण्णा. नक्की.”

पुढची फेरी झाली.

त्याच्या पुढचीही झाली.

बटण बॅगेतच होतं.

मग तो शुक्रवार आला.

हंबीररावांनी नवीन तक्रार काढली होती. मीटिंग संपली तरी कॅमेऱ्याचा डोळा उघडाच राहतो. “कोण बघतंय काय आमाला पुण्यास्नं? मिटवा तो डोळा!” अनुजानं जाऊन तशी सोय केली. मीटिंग संपली की कॅमेरा मिटणार. सोपं काम. चहा झाला, ती निघाली. जाताना आण्णांनी खुर्चीतूनच हात वर केला.

“बटण?”

“सोमवारी, आण्णा!”

बिद्रीच्या फाट्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. अनुजानं गाडी थांबवली. हवेत मळीचा वास. ट्रॉलीवर बसलेली पोरं ऊस सोलून खात होती. आणि तिथं, काही कारण नसताना, तिला ते दिसलं...

कॅमेरा मिटला म्हणजे आण्णांनी कितीही हात हलवला तरी त्याला दिसणार नाही.

पॅनेलला त्यांचं बोट कळत नाही.

भिंतीवर बटण नाही.

आज सभा आहे. दिवे विझले की त्या खोलीत आण्णांना दिवा लावायचा एकही मार्ग उरत नाही.

तिनं मागं वळून पाहिलं. ऊन अजून होतं. परत गेली असती तर दिवेलागणीच्या आत पोचली असती.

रांग पुढं सरकली.

सोमवारी बघू, ती मनात म्हणाली. एवढं काय होतंय? दार उघडून बाहेर येतील.

शनिवारी सकाळी संस्थेचे मॅनेजर उदयसिंह यांचा फोन आला.

“मॅडम, जरा या. भिंतीला शाई लागलीया, रंग कुठला मारलावता ते सांगाय पायजे. आन्... आपलं आण्णा गेलं.”

अनुजा पोचली तेव्हा आण्णांना घरी नेलं होतं. हॉलमध्ये कुणी नव्हतं.

दाराशेजारच्या भिंतीवर निळी बोटं उमटली होती.

पहिली छातीच्या उंचीवर, जिथं जुनं बटण होतं बरोबर तिथं. एकावर एक. मग थोडी डावीकडं. थोडी उजवीकडं. मग खाली. आणखी खाली...

शेवटची फरशीपासून वीतभर वर होती.

दार तिथून हाताच्या अंतरावर. पण दाराकडं एकही बोट गेलं नव्हतं. इतक्या वर्षांची सवय. अंधार झाला की हात बटणाकडं जायचा, तसा तो गेला होता.

डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. सगळे म्हणाले, वय झालं होतं, सोन्यासारखं मरण आलं, लिहिता लिहिता. अनुजाला कुणी एका शब्दानं काही बोललं नाही. उदयसिंहांनी संध्याकाळपर्यंत भिंत रंगवून घेतली.

तिसऱ्या दिवशी अनुजा त्यांच्याबरोबर आण्णांच्या घरी गेली. आण्णांच्या पत्नी, धोंडुबाई, पुढच्या सोप्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. दिवसाउजेडी डोक्यावरचा बारका बल्ब चालूच होता.

“ही बाय कोण?”

“हॉलचं लाईटचं काम हिनं केलंय, काकू,” उदयसिंह म्हणाले.

धोंडुबाईंनी तिचा हात धरला. त्यांचा हात थंडगार होता.

“एक सांग पोरी. त्येंचा जीव गेला तवा लाईट हुती न्हवं? न्हाय, तसं न्हवं... अंधाराला लई भ्यायचं ते. लहानपणी हिरीत पडलंवतं, रातभर आत. तवापास्नं. झोपताना बी बल्ब लागायचा. कुणाला सांगायचं न्हाईत. पर मला म्हायती.”



अनुजाच्या जिभेवर खरं आलं होतं. ती मला म्हणाली, अक्षरशः आलं होतं. पण बाहेर पडलं ते वेगळंच.

“होती, मावशी. आपोआप लागते ती.”

धोंडुबाईंनी डोळे मिटले. “बरं झालं बाई.”

आठवड्याभरानं उदयसिंहांचा पुन्हा फोन.

“मॅडम, तुमची मशीन खुळी झालीया. हॉलमधलं दिवं विझंनात.”

“खोलीत कुणी असेल.”

“कुलूप हाय बाहेरनं! दारातल्या बारक्या काचेतनं बघतोय मी. पॅनेल म्हणतंय, एक माणूस हाय.”

उदयसिंहांनी आवाज खाली आणला.

“आन् दिवं हातानं बंद केलं की... तुमी याच. मी न्हाय सांगत फोनवर.”

अनुजा गेली. दिवस कलायला आला होता. उदयसिंह हॉलच्या दारापर्यंत आले आणि थांबले.

“आत चला की.”

“मी हितंच बराय. तुमी इंजिनेर हाय, तुमी जावा.”

अनुजा आत गेली. कॅमेऱ्याचा डोळा मिटलेला. पॅनेलच्या कोपऱ्यात ‘खोलीत माणसं: १’.

ती स्वतः मोजली जात असेल का? मिटलेल्या डोळ्याला ती दिसणं शक्य नव्हतं. तरी ती बाहेर आली, काचेतून पाहिलं. एक. आत गेली. एक. कॅमेऱ्याची वायर उपटून काढली.

एक.

सगळी यंत्रणा बंद करून पुन्हा चालू केली. आकडे येईपर्यंत पॅनेलवर एक गोल चक्र फिरत राहिलं.

मग... एक.

तिनं ‘दिवे’वर बोट ठेवलं. बारा दिवे एकदम विझले. काळ्या पडद्यांमुळं स्वतःचा हातही दिसेना. थोड्या वेळानं पॅनेलही झोपलं.

काहीच नाही.

नुसती शांतता.

आणि मग...

सर्र...

भिंतीवरून तळहात फिरावा तसा आवाज.

सर्र... सर्र...

दाराशेजारून. छातीच्या उंचीवरून. थोडा डावीकडं. थोडा उजवीकडं. घाईघाईनं.

मग खाली. आणखी खाली...

अनुजाला ती निळी बोटं आठवली. आवाज त्याच वाटेनं चालला होता.

“आण्णा?”

आवाज थांबला.

कुणीतरी श्वास रोखून ऐकावं, तसं वाटलं.

मग टेबलावरून, अगदी तिच्या समोरून...

टक्.

काचेवर कोरडं बोट.

टक्... टक्... टक्...

पॅनेल काळंच. त्या बोटानं ते जागं होत नव्हतं.

अनुजानं हात पुढं केला. तिचं बोट काचेला लागलं, पॅनेल उजळलं, बारा दिवे लागले.

टेबलापाशी कुणी नव्हतं. चौदाव्या खुर्चीत कुणी नव्हतं. काचेवर, तिच्या बोटाच्या ठशाशेजारी, निळा डाग होता.

बाहेर उदयसिंहांनी फक्त एवढंच विचारलं, “ऐकलासा?”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं भिंत फोडली. जुन्या वायरी आत होत्याच. बॅगेतलं बटण काढलं, पॅकिंग फाडलं आणि जुन्या जागी बसवलं. बरोबर त्याच उंचीवर. दारावरच्या एका दिव्याची वायर पॅनेलपासून तोडून त्या बटणाला जोडली. काम हातात घेतल्यापासून संपेपर्यंत तासही लागला नाही.

तासाभराचं काम होतं ते.

पहिला दिवा धोंडुबाईंनी लावावा असं तिनंच सुचवलं. उदयसिंह त्यांना गाडीतून घेऊन आले. दिवेलागण झाली. धोंडुबाईंनी दारात चपला काढल्या, भिंत चाचपली, बटण सापडलं.

टक्.

दिवा लागला. त्यांनी हात जोडले. उदयसिंहांनी जोडले. अनुजानंही जोडले.

“हेच बटण व्हय त्येंचं?”

“हेच, मावशी.”

सगळे बाहेर आले. कुलूप लावलं. अनुजानं काचेतून पाहिलं. पॅनेलवर ‘खोलीत माणसं: ०’. थोड्या वेळानं अकरा दिवे आपोआप विझले. दारावरचा बारावा चालू राहिला. तो आता कुणाच्या आपोआपमध्ये नव्हता.

“सुटलो रे देवा,” उदयसिंह म्हणाले.

पायऱ्या उतरताना धोंडुबाई थांबल्या. अनुजाच्या खांद्यावर हात ठेवला.

“पोरी, बटण नवं दिसतंय गं. चकाकतंय.”

अनुजानं बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“त्या दिवशी बी हुतं न्हवं? का आता बसीवलंस?”

विचारण्यात संशय नव्हता, राग नव्हता. नुसतं विचारलं होतं त्यांनी. खरं सांगायला याहून सोपी वेळ आली नसती. आवारात तिसरं कुणी नव्हतं, उदयसिंह गाडी काढायला गेले होते.

“होतं, मावशी. नुसतं पुसून घेतलंय.”

“बरं झालं. माज्या जिवाला घोर लागलावता, बटण मिळालं नसंल त्येस्नी म्हून.” त्यांनी अनुजाच्या गालावरून बोटं ओढली, ती आपल्या कानशिलावर मोडली. “तू खोटं बोलायची न्हाईस. चेहऱ्यावरनं कळतंय.”

त्या संध्याकाळपासून हॉलमध्ये काही झालेलं नाही. मी स्वतः उदयसिंहांना फोन करून विचारलं. दिवे वेळेवर विझतात. आवाज नाही. दिवेलागणीला ते स्वतः जाऊन बटण दाबतात.

अनुजा आता प्रत्येक खोलीत दाराशेजारी एक बटण बसवते. गिऱ्हाईक नको म्हणालं तरी बसवते. धोंडुबाईंकडं जायचं ती दर रविवारी ठरवते. अजून गेलेली नाही.

मागच्या महिन्यात कोल्हापुरात एका खाजगी क्लासची मीटिंग रूम तयार झाली. नवी इमारत, नवा कॅमेरा, नवं पॅनेल. भर दुपार, खिडक्या उघड्या, खाली रस्त्यावर वडापावची गाडी. बरोबर कंपनीतला ऋतुराज होता. काम सोपवण्याआधी माणसं मोजण्याची चाचणी घ्यायची असते. ऋतुराज पॅनेल घेऊन दाराबाहेर उभा राहिला.

अनुजा आत गेली. ऋतुराजनं आकडा वाचला. काच बाहीनं पुसून पुन्हा वाचला.

“काय झालं?”

“ताई, तू बाहेर ये. मी जाऊन बघतो.”

त्यांनी चाचणी पुन्हा घेतली. मग कॅमेरा बदलून घेतली. मग पॅनेल बदलून घेतली.

खोली रिकामी असताना: शून्य.

ऋतुराज एकटा आत असताना: एक.

अनुजा एकटी आत असताना: दोन.